पार्किन्सन्स आणि ताई ची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूरोलॉजिस्टच्या खोलीतून बाहेर पडताना हातात गोळ्यांची चिठ्ठी असते आणि कानात "व्यायाम चालू ठेवा" एवढंच वाक्य. कोणता व्यायाम, किती, कधी, हे विचारायचं राहून जातं आणि मग ते प्रश्न आम्हा फिजिओथेरपिस्टकडे येतात. अलीकडे त्यात ताई चीची विचारणा वाढली आहे. कोणी फॉरवर्ड वाचलेला असतो, कोणाच्या मुलीने अमेरिकेतून व्हिडिओ पाठवलेला असतो. माझं मत आधीच सांगून टाकते. ताई ची करायची ती तोल सांभाळण्यासाठी. पडण्याची भीती वाटते त्यांनी जरूर करावी. गोळ्या बंद करण्याच्या आशेने येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी परत न्यूरोलॉजिस्टकडे पाठवते.

ताई ची म्हणजे नेमकं काय?

मुळात चीनमधली युद्धकला. हेनान प्रांतातलं चेनजियागौ हे गाव तिचं माहेर मानलं जातं. सतराव्या शतकातल्या चेन वांगटिंग यांच्याकडे तिचं श्रेय जातं. एकोणिसाव्या शतकात यांग लुचान तिथे शिकले आणि त्यांच्यापासून यांग शैली सुरू झाली. आज जगभर बागांमधून दिसते ती बहुतेक हीच. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने तिच्यातून २४ हालचालींचा सोपा क्रम बसवला. २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

रुग्णाला यातलं काही पाठ असायची गरज नाही. त्याला कळायला हवं ते एवढंच : गुडघे किंचित सैल, पाठ सरळ, वजन एका पायावर पूर्ण न्यायचं, दुसरा पाय रिकामा झाला याची खात्री करायची आणि मगच तो उचलायचा.

यात काही धार्मिक आहे का? 'ची'वर विश्वास ठेवावा लागतो का?

नाही. ज्यांना 'ची' म्हणजे प्राणशक्ती असं समजून करायचं आहे त्यांनी तसं करावं. गुडघा आणि घोटा आपलं काम तसंही करतात.

पार्किन्सन्समध्ये तोल का जातो? गोळ्यांनी तो सुधारत नाही का?

मेंदूत आत, सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागात, डोपामिन (हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. त्यामुळे जी कामं आपण लक्ष न देता करतो तीच आधी बिघडतात. चालताना हात हलणं, खुर्चीतून उठताना पुढे झुकणं, वळताना पावलं क्रमाने पडणं, यातलं काहीच आता आपोआप होत नाही.

उभ्या माणसाचं वजन पावलांच्या चौकटीत सतत थोडं थोडं फिरत असतं. निरोगी माणूस पाय न उचलता पुढे, मागे, बाजूला बराच झुकू शकतो. पार्किन्सन्समध्ये ही हद्द आक्रसते. फडताळातला वरचा डबा काढायला हात वर गेला की ती ओलांडली जाते. मग सावरायला जे पाऊल झटकन पडायला हवं ते उशिरा पडतं, तोकडं पडतं किंवा पडतच नाही. तपासताना डॉक्टर मागे उभे राहून दोन्ही खांदे एकदम मागे ओढतात, ते हेच बघायला.

लेव्होडोपाच्या गोळीने, म्हणजे आपल्याकडे घरोघरी जिला 'सिंडोपा' म्हणतात तिने, ताठरपणा आणि मंदपणा चांगला उतरतो. तोल मात्र तेवढा सुधारत नाही. घरच्यांना वाटतं, गोळी लागू पडली, बाबा आता छान चालतात, मग पडले कसे? तर असे पडले. तोलासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागते, आणि ती घ्यायचा एक चांगला मार्ग म्हणजे ताई ची.

याला खरंच काही पुरावा आहे की नुसतं ऐकीव?

आहे, आणि बऱ्यापैकी भक्कम आहे. सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या अभ्यासाचा. फुझोंग ली आणि सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास फेब्रुवारी २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. आजार सौम्य ते मध्यम असलेले, स्वतः उभे राहू शकणारे, काठीने का होईना पण चालणारे १९५ रुग्ण त्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एकाला ताई ची, दुसऱ्याला अंगावर वजनं बांधून ताकदीचे व्यायाम, तिसऱ्याला स्ट्रेचिंग. तिघांनाही आठवड्यातून दोनदा, एकेक तास, २४ आठवडे.

मुख्य मोजमाप कसं केलं ते सांगण्यासारखं आहे. रुग्ण एका पाटावर उभा राहतो. शरीराचं वजन कुठे पडतंय हे तो पाट टिपतो आणि समोरच्या पडद्यावर एक ठिपका दाखवतो. पावलं जागची न हलवता, नुसतं शरीर झुकवून तो ठिपका आठ दिशांना न्यायचा असतो. तो किती लांब गेला आणि वेडावाकडा न होता किती सरळ गेला, दोन्ही मोजतात. ताई चीचा गट दोन्हीत बाकीच्या दोन्ही गटांच्या पुढे राहिला. पावलाची लांबी आणि उभ्याने हात पुढे नेण्याचं अंतर, यातही त्याने ताकदीच्या गटाला मागे टाकलं.

त्या सहा महिन्यांत पडण्याच्या घटना मोजल्या, त्या ताई ची गटात ६२, ताकदीच्या गटात १३३ आणि स्ट्रेचिंगच्या गटात १८६ भरल्या. आकडे डोळ्यांत भरतात, पण नीट वाचायला हवेत. एकच माणूस पुन्हा पुन्हा पडतो आणि बेरीज फुगते. स्ट्रेचिंगशी तुलना करता फरक पक्का ठरला. ताकदीच्या व्यायामांशी तुलना करता संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो काठावरच राहिला. वर्ग संपल्यावर तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हाही फायदा टिकून होता आणि व्यायामामुळे गंभीर इजा कोणालाही झाली नव्हती.

आणखी एक गोष्ट. आपण काय करतोय हे रुग्णाला माहीतच असतं. 'नकली गोळी' देता येते तशी नकली ताई ची देता येत नाही. व्यायामाच्या सगळ्याच अभ्यासांत ही अडचण असते. त्यामुळे उत्साहाचा वाटा किती आणि हालचालींचा किती, हे पूर्ण सुटं करता येत नाही.

हातांचा कंप कमी होईल का?

त्या अपेक्षेने येऊ नका. वर्गात मन निवल्यावर काहींचा कंप तेवढ्यापुरता उतरतो, काहींचा लक्ष एकवटल्यावर उलट वाढतो. हात थरथरत असतानाही वजन नीट एका पायावरून दुसऱ्यावर नेता येतं, आणि आम्हाला तेच साधायचं असतं.

आईच्या हालचाली आधीच मंद झाल्यात. मग असा हळू व्यायाम कशाला?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण शंका रास्त आहे. आजारातला मंदपणा माणसाच्या हातात नसतो. हालचाल सुरूच उशिरा होते, पुढे ती आकसत जाते, सही लहान लहान होत जाते तशी. ताई चीतली संथ गती आपण ठरवून घेतलेली असते. पाऊल हळू टाकायचं म्हणजे तेवढा वेळ सगळा भार एकाच पायाने पेलायचा. करून बघा, मांडी लगेच तक्रार करते. भरलेली कळशी कडेवर घेऊन ओल्या पायऱ्या उतरणारी बाई जसं प्रत्येक पाऊल चाचपून टाकते, तितकं लक्ष प्रत्येक पावलावर राहतं. मेंदूचा 'आपोआप'चा रस्ता बंद झाला की लक्ष देऊन करण्याचा रस्ता उरतो, आणि हा व्यायाम त्याच रस्त्यावर चालायला शिकवतो.

एक पथ्य मात्र पाळायचं. हळू म्हणजे लहान नव्हे. हात पूर्ण लांबीने जायला हवा, पाऊल ऐसपैस पडायला हवं. वर्गात मी "हळू" म्हणते त्याच्या दुप्पट वेळा "मोठं, अजून मोठं" म्हणते.

आणि हेही खरं की ताई चीने दम वाढत नाही. हृदयाची गती वाढवणारा व्यायाम वेगळा करावा लागतो. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, नुकतंच निदान झालेल्या आणि अजून औषध सुरू न झालेल्या रुग्णांना ट्रेडमिलवर जोरात चालवलं होतं, कमाल हृदयगतीच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत. जास्त जोराचा हा व्यायामही त्यांना सुरक्षितपणे झेपला. तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर ताई चीसोबत झपझप चालणं किंवा जागेवरची सायकल हवीच.

ताई चीने आजार वाढायचा थांबतो का? गोळ्या कमी होतात का?

थांबतो असं कुणी म्हटलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. वेग कमी होतो का, यावर शांघायच्या रुइजिन रुग्णालयातल्या डॉक्टरांचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. जानेवारी २०१६ ते जून २०२१ या काळात आठवड्यातून दोनदा तासभर ताई ची करणारे १४७ रुग्ण आणि न करणारे १८७ रुग्ण, अशी तुलना त्यांनी केली. करणाऱ्यांची लक्षणं सावकाश वाढली आणि औषधंही कमी वेगाने वाढवावी लागली. २०१९ पर्यंत न करणाऱ्यांतल्या सुमारे ८३ टक्के रुग्णांचा डोस वाढला होता, करणाऱ्यांतल्या सुमारे ७१ टक्के.

मी हे आकडे दाखवते तेव्हा घरचे "बघा, म्हणजे गोळ्या कमी!" म्हणतात. आकडा पुन्हा वाचा. ताई ची करणाऱ्या दहांपैकी सात जणांचा डोस वाढलाच. शिवाय हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. वर्षानुवर्षं वर्गाला येणारा माणूस बहुतेकदा मुळातच धडधाकट, उत्साही, घरच्यांचा पाठिंबा असलेला असतो, आणि त्याचा परिणाम वेगळा काढणं कठीण. मला हा अभ्यास आशादायक वाटतो, पण त्याच्या भरवशावर मी कुणालाही वचन देणार नाही.

गोळी परस्पर कमी करू नका, बंद तर मुळीच नको. लेव्होडोपा एकदम थांबवल्याने अंग लाकडासारखं होऊन, ताप चढून रुग्णालयात भरती व्हायची वेळ येऊ शकते.

आपल्याकडे योग असताना ताई ची कशाला?

नकोच, जर योग नियमित चालू असेल आणि त्यात उभ्याची, वजन हलवणारी आसनं असतील तर. २०१९ मध्ये हाँगकाँगमधून १३८ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांच्या सजग योगाने, म्हणजे श्वास आणि शरीर यांवर लक्ष ठेवून केलेल्या योगाने, हालचालीत स्ट्रेचिंग आणि ताकदीच्या व्यायामांइतकाच फायदा झाला, आणि चिंता नि उदासी त्याहून जास्त कमी झाली.

अडचण एवढीच की आपल्याकडे घरात जो 'योग' चालतो तो बहुतेकदा मांडी घालून केलेला प्राणायाम असतो. मनाला बरा, पण माणूस पडतो तो वळताना, दार उघडताना, मोरीच्या उंबऱ्यावर. बसून केलेल्या प्राणायामाने त्या पावलांचा सराव होत नाही.

२०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने दीडशेहून जास्त चाचण्यांचा, म्हणजे साडेसात हजारांहून जास्त रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला. निष्कर्ष असा की बहुतेक प्रकारच्या व्यायामांनी हालचाल सुधारते आणि एक प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा ठोस पुरावा नाही. त्यामुळे नाच आवडतो त्यांनी नाचावं. पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चाललेले आहेत आणि त्यांत रमलेली माणसं मी पाहिली आहेत. ताई चीची माझ्या लेखी जमेची बाजू अशी की मागे पाऊल टाकणं, बाजूला सरकणं, वळणं, हे पडण्याचे नेमके प्रसंग तिच्यात ठासून भरलेले आहेत.

वर्गात नेमक्या कोणत्या हालचाली करून घेतात?

ओरेगॉनच्या अभ्यासात पूर्ण २४ हालचाली नव्हत्याच. निवडक सहा हालचाली आठ प्रकारांच्या छोट्या मालिकेत गुंफल्या होत्या आणि पहिले दहा आठवडे एकेक प्रकार घोटण्यात गेले. ही घाई न करण्याची पद्धत मला पटते.

एक हालचाल तपशीलाने सांगते, 'ढगांसारखे हात'. पावलं समांतर, नितंबांएवढं अंतर. उजवा हात चेहऱ्यासमोर, तळवा आपल्याकडे. डावा हात पोटासमोर. आता वजन सावकाश उजव्या पायावर न्यायचं आणि कंबर उजवीकडे वळवायची. हात स्वतंत्रपणे हलवायचे नाहीत, कंबरेबरोबर ते आपसूक जातात. नजर वरच्या हाताच्या मागे. उजवा पाय पूर्ण भरला की डावी टाच हलकी होते. ती हलकी झालेली जाणवली पाहिजे. मग डावा पाय बाजूला एक पाऊल, हातांची अदलाबदल, वजन डावीकडे, आणि उजवा पाय जवळ. एवढंच. ओट्यापासून सिंककडे सरकताना हेच पाऊल लागतं. पार्किन्सन्समध्ये नेमकं होतं काय, तर वरचं अंग सिंककडे वळतं आणि पाय ओट्यापाशीच चिकटलेले राहतात.

दुसरी, 'वानराला मागे सारणे'. हिच्यात मागे चालायचं असतं. पार्किन्सन्सचे रुग्ण मागच्या बाजूला जास्त सहज कोसळतात. फ्रिजचं दार ओढलं, दोन तोकडी पावलं मागे, आणि धप्प. त्यामुळे ही सगळ्यात उपयोगी हालचाल, आणि सगळ्यात धोक्याचीही. मागे माणूस उभा असल्याशिवाय मी ती कुणाकडूनही करून घेत नाही, आणि घरी एकट्याने करायला तर साफ मनाई. बोट आधी टेकायचं, मग टाच, मग वजन. वजन आधी मागे गेलं तर पाऊल त्याला गाठू शकत नाही.

एका पायावर उभं राहण्याचे प्रकार मी सहसा वगळते. फोटोत छान दिसतात, बाकी काही नाही.

दिवसातली कोणती वेळ बरी?

गोळीचा अंमल असतो ती. रुग्णाला स्वतःला चांगलं ठाऊक असतं की कधी अंग 'ऑन' आहे आणि कधी 'ऑफ'. लेव्होडोपा घेतल्यावर साधारण पाऊण-एक तासाने बहुतेकांचं अंग मोकळं होतं. पहाटे उठून गोळीआधीच व्यायाम उरकण्याची सवय असेल तर ती मोडा. साहेबांनी चाळीस वर्षं पहाटे पाचला फेरी मारली असेल, आता वेळ गोळी ठरवणार.

जेवल्या जेवल्या नको. उभं राहिल्यावर रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येण्याचा त्रास या आजारात पुष्कळांना असतो आणि भरल्या पोटी तो वाढतो. वर्गाआधी पाणी प्या, खुर्चीतून उठल्यावर थोडं थांबा.

घरी करायचं तर जागा कशी हवी?

भिंतीला टेकवलेली जड, बिनचाकांची खुर्ची. प्लास्टिकची नको, ती माणसासकट सरकते. पायपुसणं, सतरंजी, चार्जरच्या वायरी, सगळं उचला. पायात मागून बंद असलेले, पातळ तळाचे बूट. स्लीपर नको आणि टाइल्सवर नुसते मोजे तर अजिबात नकोत. साडी असेल तर निऱ्या वर खोचून, नाहीतर सरळ पंजाबी ड्रेस घाला. लांब गाऊनमध्ये पाय अडकून पडलेल्या आजी कमी नाहीत.

पंखा, उजेड बघा. टीव्ही बंद. व्यायाम चालू असताना "बाबा, गॅसवाल्याला किती द्यायचे?" असं विचारू नका. दोन कामं एकदम आली की आधी तोलच ढळतो.

मध्येच पाय जमिनीला चिकटतात. तेव्हा काय करायचं?

यालाच फ्रीझिंग म्हणतात. दारात, लिफ्टपाशी, वळताना हमखास होतं. हात धरून ओढू नका. वरचं अंग पुढे येतं, पाय तिथेच राहतात आणि दोघंही पडता. थांबा, श्वास घ्या, उभं राहून वजन उजवीकडे-डावीकडे दोनदा डोलवा, मग एक पाय पूर्ण रिकामा झाला की तो ऐसपैस पुढे टाका. "एक, दोन" मोजलं तरी चालतं. जमिनीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या लावल्या तर अनेकांचं पाऊल त्या ओलांडायला सुटतं. वर्गात शिकलेलं वजन डोलवणं इथे थेट कामी येतं, पण ते त्या क्षणी आठवायला हवं. म्हणून मी रुग्णाबरोबर घरच्यांनाही शिकवते. शब्द त्यांनी द्यायचा असतो.

कोणी करू नये?

नुकतंच हाड मोडलेलं, उभं राहताच रक्तदाब कोसळणारा, भ्रम होत असलेला, सूचना समजण्याइतकं भान नसलेला रुग्ण असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गुडघे झिजलेत म्हणून नाही म्हणायचं कारण नाही. वाकवणं कमी ठेवायचं, दुखेल तिथे थांबायचं. डीबीएसची, म्हणजे मेंदूत बारीक तारा बसवून विजेचे सौम्य झटके देण्याची, शस्त्रक्रिया झालेल्यांनी सर्जनची परवानगी मिळाल्यावर सुरू करायला हरकत नाही.

वडील व्हीलचेअरवर असतात. त्यांना काही उपयोग?

बसून करता येतं. नितंबांवरचं वजन डावी-उजवीकडे नेणं, धड वळवणं, हात मोठे फिरवणं. वर सांगितलेले निष्कर्ष उभ्याने करणाऱ्यांचे आहेत, ते बसून करणाऱ्याला जसेच्या तसे लावू नका. पण पलंगावरून खुर्चीत जाताना हेच वजन हलवणं लागतं, आणि उचलणाऱ्याची पाठही थोडी वाचते.

आपल्याकडे शिक्षक कुठे मिळणार?

खरी अडचण इथेच आहे. मोठ्या शहरांत ताई ची शिकवणारे मोजके, आणि त्यातले बरेच मार्शल आर्टमधून आलेले. कला उत्तम असते, पण पार्किन्सन्सचा माणूस कसा पडतो हे त्यांनी पाहिलेलं नसतं. जाण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा : पार्किन्सन्सचे किंवा निदान साठीपुढचे लोक आधी शिकवलेत का? वर्गात मदतनीस असतो का? गुडघे किती वाकवायला लावता? घरचं माणूस शेजारी उभं राहिलं तर चालेल का? शेवटच्या प्रश्नाला "नाही" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आणि "सहा महिन्यांत गोळ्या सुटतील" म्हणणाऱ्याचा नंबर काढून टाका.

शिक्षक मिळालाच नाही तरी हातावर हात धरून बसू नका. चांगला फिजिओथेरपिस्ट वजन हलवण्याचे, मागे-बाजूला पाऊल टाकण्याचे, वळण्याचे व्यायाम ताई चीचं नाव न घेता शिकवू शकतो. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांच्याकडे विचारा. मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. तिथल्या जुन्या शुभंकरांना जवळपास कोण काय शिकवतं याची खडान्‌खडा माहिती असते.

यूट्यूबवर बघून केलं तर?

सुरुवात तशी करू नका. पडद्यावरचा माणूस समोर तोंड करून असतो, उजवं-डावं उलटं होतं, मान वर ठेवून बघताना तोल जातो. शिवाय तुमचं वजन खरंच दुसऱ्या पायावर गेलं की नुसतं अंग कललं, हे पडदा सांगू शकत नाही. आधी कुणाकडून चार-दोन हालचाली पक्क्या शिका, मग सरावासाठी व्हिडिओ लावा. परदेशातल्या मुलांनी व्हिडिओ कॉलवरचा वर्ग लावून दिला असेल तर उत्तम, फक्त खोलीत दुसरं माणूस हवं.

बाबा करायलाच तयार नाहीत. आळशी झालेत.

आळशी नाहीत. इच्छाच न होणं हा या आजाराचा भाग आहे, मागे हटलेल्या डोपामिनचाच. रागावून, लाजवून काही होत नाही, आणि "तुमच्याच भल्यासाठी" हे वाक्य तर कुणालाच हलवत नाही. वार आणि वेळ पक्की ठेवा म्हणजे रोज ठरवायला लागत नाही. आई शेजारी उभी राहून करू लागली तर बाबा बहुधा येतात, निदान तिचं चुकतंय हे दाखवायला! आमच्या वर्गात एक काका महिनाभर नुसते भिंतीशी बसून चहाची वाट बघत. एके दिवशी माझा आकडा मोजायला चुकला म्हणून मोजायला उठले, तेव्हापासून मोजणीचं काम त्यांच्याकडे आहे. मोजताना पायही हलू लागले. उदासी खोल असेल, झोप-जेवण उडालं असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा, त्याला वेगळे उपचार लागतात.

किती दिवसांत फरक कळेल? आणि कळणार कसा?

ओरेगॉनला २४ आठवडे दिले होते, तेवढा धीर तुम्हीही धरा. आठवड्यातून दोनदा तासभर, आणि जमेल तर मधल्या दिवशी घरी दहा-पंधरा मिनिटं.

"बरं वाटतंय का?" या प्रश्नाला रोज वेगळं उत्तर मिळतं, तेव्हा मोजा. खुर्चीपासून तीन मीटरवर टेपची खूण करा. उठायचं, खुणेपर्यंत जायचं, वळून परत यायचं, बसायचं. मोबाइलवर सेकंद मोजा. महिन्यातून एकदा, गोळीनंतर त्याच वेळेला, शेजारी माणूस ठेवून. आणि कालनिर्णयवर प्रत्येक पडण्याची फुली मारा. पडता पडता सावरलात तर गोल करा. सोबत कुठे आणि काय करताना, एवढे दोन शब्द. 'मोरी, वळताना'. न्यूरोलॉजिस्टच्या पाच मिनिटांत ते पान दाखवलं तर त्यांना सगळ्यात जास्त उपयोग होतो.

फुल्या वाढत असतील तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टर गाठा. डोसची वेळ चुकतेय, रक्तदाब उतरतोय, मूत्रमार्गाचा संसर्ग झालाय, चष्म्याचा नंबर बदललाय, यातलं काहीही असू शकतं.

लग्नसराई, दिवाळी, आजारपण यात महिनाभर वर्ग सुटला. पुन्हा पहिल्यापासून?

नाही, पण सोडलं होतं तिथूनही नको. पहिले दोन-तीन वर्ग खुर्चीला हात लावून करा आणि मागे चालणं तेवढे दिवस वगळा. मध्ये औषध बदललं असेल, पडणं झालं असेल तर वर्गाला आल्या आल्या शिक्षकाच्या कानावर घाला, आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. "ती पिवळी गोळी" म्हटल्यावर आम्हाला काही बोध होत नाही.